‘लागू नाही’ न लिहिणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं आम्हाला सहाव्या मजल्यावर कळलं. हातातलं पॅनेल ठेवून खाली येईपर्यंत तुमची गाडी गेटबाहेर पडली होती. म्हणून हे पत्र.

हिंजवडीच्या त्या इमारतीआधी आम्ही ऐरोलीला एका सर्व्हर रूमचं फॉल्स फ्लोअर करत होतो, म्हणजे पेडेस्टल या लोखंडी पायांवर पॅनेलं मांडून केलेली, खाली केबलींना पोकळी ठेवणारी वरची जमीन. तिथल्या सेफ्टी प्लॅनमध्ये ‘उंचीवरील काम’ या रकान्यासमोर लिहिलं होतं, ‘लागू नाही’. स्लॅबपासून दीड फूट वर, त्याला उंची कोण म्हणणार? माझा मेहुणा त्याच दीड फुटात पडला. केबलवाल्यांनी एक पॅनेल काढून भोकावर पुठ्ठा टाकला होता. पाय आत गेला, नडगी पेडेस्टलवर सोलली आणि बरगडी शेजारच्या पॅनेलच्या कडेवर आपटली. साहेब आले ते विचारतच, “लक्ष कुठं होतं तुझं?” नंतर कळलं, तो प्लॅन मुळात साध्या फरशीच्या कामाचा होता, वरचं नाव तेवढं बदललेलं.

त्यामुळे हिंजवडीला पहिल्या दिवशी तुम्ही सेफ्टी प्लॅनचा कागद घेऊन आलात तेव्हा आम्ही न वाचताच सही करायच्या तयारीत होतो. तुम्ही सही मागितलीच नाही. इस्त्रीच्या कपड्यांनिशी पेडेस्टलांच्या मधे उतरलात, कडा गुडघ्याला कुठं लागते ते पाहिलंत आणि उंचीच्या रकान्यात लिहिलंत, ‘दीड फूट. खाली लोखंड.’ मग तो कागद माझ्याकडे दिलात, वर तुमचं पेन. “दादा, चुकलं असेल तिथं काट मारा.”

११ वर्षं हे काम करतोय मॅडम. सही कर म्हणणारे पुष्कळ भेटले. काट मार म्हणणारं कुणी नाही. हात थरथरला, खोटं कशाला बोलू.

काट मारली ती ‘प्रत्येक पॅनेल दोघांनी बसवावे’ यावर. दोन बाय दोन फुटांचं, सिमेंट भरलेलं १६-१७ किलोचं ते धूड दोघांनी बसवायला गेलं की एकाची बोटं चेमटतातच. ट्रॉलीवर चढवताना दोघं ठीक, बसवताना एकच माणूस आणि हातात दोन कपांचा सक्शन लिफ्टर, पॅनेलला वरून चिकटवून उचलायचा. एवढं लिहिलं आणि धीर आला. मग खाली आणखी : अख्खी रांग एकदम उचलू नये, पॅनेलंच एकमेकांना धरून असतात, रांग गेली की पेडेस्टल डुलतात. पेडेस्टल खाली चिकटवलेलं नीट वाळल्याशिवाय वरून भरलेली ट्रॉली नको. भोकावर पुठ्ठा नको, एकतर कठडा नाहीतर पॅनेल परत जागेवर.

पुठ्ठ्याचं का, असं तुम्ही विचारलंत. मी मेहुण्याचं सांगितलं. तुम्ही थोडा वेळ गप्प होतात, मग म्हणालात, “आता कसे आहेत ते?”

दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ कागद लागला. मला वाटलं, टाइप करून लावतील. तुम्ही माझ्या खाडाखोडीसकट झेरॉक्स लावली होतीत, ‘कठडा’ चुकलेला तोही तसाच. त्यानंतर केबलवाली पोरं येऊन विचारू लागली, “मिस्त्री, हे एक काढू का?”

तुम्हीच एकदा सांगितलं होतंत, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगार असले की सेफ्टी कमिटी सांगितलेली होती, आणि तिच्यात कामगारांची माणसं मालकाच्या माणसांपेक्षा कमी नकोत असंही होतं. म्हणजे आम्हाला विचारायचं हे कधीचंच ठरलेलं! ऐरोलीचे साहेबही शिकलेलेच होते म्हणा. तुमच्यासारखं एखादं माणूस भेटतं म्हणून गावाकडच्या पोराला या धंद्यात आणताना जीव फार खालीवर होत नाही.

मेहुणा परत कामावर आलाय. सध्या ओझं उचलत नाही, लेझर लावून लेव्हल काढतो. तुमच्या नव्या साइटवर फॉल्स फ्लोअर असलं तर निरोप द्या. तुमचं पेन माझ्याकडेच राहिलंय.

तुमचा,
सहाव्या मजल्यावरचा मिस्त्री