शॉन एडवर्ड्स नेमके कुठल्या रग्बीचे?

महोदय,

फ्रान्सच्या रग्बी संघावरील आपल्या क्रीडापानावरच्या मजकुरात बचाव-प्रशिक्षक शॉन एडवर्ड्स यांची ओळख ‘इंग्लंडचे माजी रग्बीपटू’ एवढ्यावर आटोपली आहे. एडवर्ड्स खेळले ते प्रामुख्याने रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांचा खेळ. प्रशिक्षक म्हणून नाव कमावले ते पंधरा जणांच्या रग्बी युनियनमध्ये. त्यांच्या कारकिर्दीचे मर्म याच फरकात आहे.

इंग्लंडमधल्या विगन गावचा हा मुलगा १९८३ मध्ये, सतराव्या वर्षी गावच्याच क्लबात गेला. जागा हाफबॅकची, म्हणजे चाली रचणाऱ्याची. १९८५ चा आणि पुढे १९८८ ते १९९५ सलग आठ, असे लीगमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचे, म्हणजे चॅलेंज कपचे, नऊ करंडक जिंकले. १९९० च्या अंतिम सामन्यात गालाचे हाड मोडले, तरी मैदान सोडले नाही.

लीगमध्ये पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो. त्याच्यापाशी जास्तीत जास्त दोन बचावपटू थांबू शकतात, बाकीच्यांनी १० मीटर मागे जायचे. असे सहा टॅकल (पकडी) झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे. म्हणजे बचावाची रांग दर टॅकलला मागे पळते आणि पुन्हा एका रेषेत पुढे येते. दमलेला एखादा अर्धे पाऊल मागे राहिला, की रांगेला बाक येतो. हाफबॅकची नजर त्या बाकावरच असते. एडवर्ड्स यांनी सतरा वर्षे हेच शोधले, मग ते कसे बुजवायचे हे त्यांना वेगळे शिकावे लागले नसावे.

युनियनमध्ये हे १० मीटर नाहीत. टॅकलनंतर जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही संघ उभ्याने भिडतात, तो रक. त्यातल्या शेवटच्या पायाशी ऑफसाइडची रेषा असते (बचावपटूंनी तिच्या मागे राहायचे), तिथूनच धाव घेता येते. लीगच्या शिस्तीत वर येणारी रांग इथे पास पूर्ण होण्याआधीच समोरच्याला गाठते. २००१ पासून वॉस्प्स या इंग्लिश युनियन क्लबात एडवर्ड्स यांनी हाच ‘ब्लिट्झ’ बचाव बसवला. त्यात बाहेरचे बचावपटू किंचित पुढे राहून आत वळतात, त्यामुळे चेंडू बगलेकडे जाणे अवघड होते. वॉस्प्सने २००४ आणि २००७ मध्ये युरोपातल्या क्लबांचा हाइनेकेन कप जिंकला. २००८ मध्ये एडवर्ड्स वेल्सकडे आले आणि त्या वर्षी सिक्स नेशन्स या सहा युरोपीय देशांच्या स्पर्धेतल्या पाच सामन्यांत वेल्सवर फक्त २ ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे) झाले. २०२२ चे फ्रान्सचे ग्रँड स्लॅम, म्हणजे या स्पर्धेतले सगळे सामने जिंकणे, हेही त्यांच्या काळातले.

हा बचाव फसतोही. एकटाच पुढे धावला तर त्याच्या खांद्यामागे दार उघडते. कबड्डीत साखळीतला एक जण आततायीपणे झेपावला की होते तेच. दुसरा धोका रांगेवरून मारलेल्या आडव्या किकचा. म्हणून मागे फुलबॅक (सर्वांत मागचा खेळाडू) आणि चेंडूपासून लांबचा विंगर (कडेचा खेळाडू) राखून ठेवावे लागतात. तिसरी चूक रकमधली. लीगमध्ये टॅकलनंतर चेंडूसाठी झुंज नसते, युनियनमध्ये असते. तिथे गरज नसताना तिघे-चौघे घुसले, तर रांगेत माणसे कुठून आणणार?

लीगचे लोक युनियनमध्ये आधी का आले नाहीत, तर १९९५ पर्यंत युनियन हौशी खेळ होता आणि लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्याला तिथे बंदी असे. बंदी उठल्यावर, मे १९९६ मध्ये लीगचा विगन आणि युनियनचा बाथ हे क्लब दोन्ही नियमांनी भिडले. लीगच्या नियमांत विगन ८२-६, युनियनच्या नियमांत बाथ ४४-१९. एवढे दोन आकडे वाचून तरी हा एकच खेळ आहे असे कोणी म्हणणार नाही. विगनचेच अँडी फॅरेल पुढे आयर्लंडचे मुख्य प्रशिक्षक झाले, २०२३ मध्ये ग्रँड स्लॅम जिंकले.

विनंती एवढीच, की बातमीत लीग की युनियन हे लिहावे. शंका आल्यास ट्रायचे गुण पाहावेत : ४ असतील तर लीग, ५ असतील तर युनियन.

आपला,
एक वाचक, पुणे