तापमानाचा प्रोब इंजिनामागे नको, पंखाखाली बसवा

महोदय,

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखविले, तेव्हा ऐन नवतपात आपल्या भागात केवढी खळबळ उडाली होती, हे वाचकांना आठवत असेल. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान विभागाने केला आणि विषय मिटला. लहान विमानावर बाहेरच्या हवेचे तापमान मोजणाऱ्या ओएटी प्रोबने असाच चुकीचा आकडा दाखविला, तर आकाशात खुलासा करणारे कुणी नसते. शिवाय तिथे बहुधा प्रोब बिघडलेला नसतोच, त्याची जागा चुकलेली असते. विमानांच्या उपकरण दुरुस्तीत उमेदीची वर्षे गेल्यामुळे आणि गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरची प्रशिक्षण विमाने आता रोज आमच्या धानाच्या बांध्यांवरून जाताना दिसत असल्यामुळे हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझ्या नोकरीच्या काळात एका दोन आसनी विमानात बाहेरचे तापमान नेहमीच जास्त दिसते, अशी तक्रार होती. दोनदा प्रोब बदलूनही फरक पडेना. शेवटी मी थर्मासच्या झाकणात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घेऊन त्यात प्रोब बुडविला, तेव्हा काटा हळूहळू उतरत बरोबर शून्यावर येऊन थांबला. म्हणजे उपकरण निर्दोष होते. मग वैमानिकाला एकाच उड्डाणात, ३,००० फुटांच्या एकाच उंचीवर तीन नोंदी घ्यायला सांगितल्या. पूर्ण शक्तीने चढताना ३४ अंश आले, सरळ उडताना ३१ आणि इंजिन मंद करून उतरताना २८. अर्ध्या तासात त्या उंचीवरची हवा काही सहा अंशांनी बदलली नव्हती, बदलली होती ती फक्त इंजिनाची उष्णता. काऊलिंगमधून, म्हणजे इंजिनावरच्या आवरणातून, गरम हवा जिथून बाहेर पडते, त्याच्याच मागे, विमानाच्या पोटाला तो प्रोब बसविलेला होता.

एक इंजिन असलेल्या लहान विमानात प्रोबसाठी सर्वांत चांगली जागा पंखाखालची, आणि तीही प्रोपेलरचा झोत व एक्झॉस्टचा धूर पोहोचणार नाही इतकी बाहेरच्या बाजूची. तिथे सूर्याचा थेट मारा होत नाही. पंखाखालच्या तपासणीच्या गोल झाकणावर प्रोब बसविला, तर मूळ पत्र्याला छिद्र पाडावे लागत नाही, आणि जागा चुकलीच तर नुसते झाकण बदलता येते. प्रोब आणि पत्रा यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घालावा, नाहीतर तापलेल्या पत्र्याची उष्णता त्यात उतरते. लँडिंग लाइट, वेग मोजणारी पिटो नळी आणि इंधनटाकीची हवानळी यांच्यापासून तो दूर ठेवावा. केबिनमध्ये ताजी हवा आणणाऱ्या नळीत प्रोब बसविण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे वायर लहान लागते; पण झडप बंद केली की केबिनची ऊबदार हवा झिरपून त्याच्यापर्यंत येते. विमानाच्या वेगामुळे हवा प्रोबवर दाबली जाऊन आकड्यात होणारी वाढ मात्र किरकोळ असते. ताशी १८५ किलोमीटर वेगाला ती जेमतेम सव्वा अंश भरते, आणि तिचा हिशेब करता येतो. इंजिनाच्या उष्णतेचा हिशेब करता येत नाही.

प्रमाणित विमानावर असा बदल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्यावा लागतो, हे ओघाने आलेच.

तापमान चार अंश जास्त दिसले तर काय बिघडले, असे कुणी विचारील. सुमारे ३०० मीटर (हजार फूट) उंचीवरच्या आपल्या धावपट्टीवर ४५ अंशांच्या उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमान जवळपास पावणेपाच हजार फुटांवर असल्यासारखे वागते. धाव लांबते आणि चढ मंदावतो. प्रत्येक अंशामागे या भासमान उंचीत सुमारे १२० फुटांचा फरक पडतो. तिथे जास्तीचा आकडा निदान सुरक्षित बाजूला चुकतो, शिवाय उड्डाणापूर्वी विमानतळावरचेच तापमान घ्यायचे असते, कारण डांबरावर उभ्या असलेल्या विमानात उत्तम जागी बसविलेला प्रोबही तापतो. मला काळजी वाटते ती डिसेंबर-जानेवारीची. तलावांच्या आमच्या जिल्ह्यात सकाळी दाट दव असते. इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस अंशांपर्यंतही उतरू शकते, त्यामुळे बाहेर १५ अंश असतानासुद्धा आत बर्फ धरतो आणि इंजिनाची शक्ती घटते. अशा वेळी प्रोबने २१ अंश दाखविले, तर शिकाऊ वैमानिक निर्धास्त राहतो आणि कार्ब्युरेटरला गरम हवा द्यायला उशीर करतो.

म्हणून विदर्भातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांना आणि लहान विमान स्वतः बांधू पाहणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, की थंडी सुरू होण्यापूर्वी वर सांगितलेल्या तीन नोंदी एकदा घेऊन पाहाव्यात. तिन्ही आकडे जुळले तर प्रोबची जागा योग्य आहे. जुळले नाहीत आणि कुणाला मदत हवी असेल, तर बर्फाचा थर्मास घेऊन येण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त उपकरण तंत्रज्ञ,
जि. गोंदिया