शिकवणं सोडलं नाही, ग्रंथालयात आले

महोदय,

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनानिमित्त ठिकठिकाणी भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातले गेले. ते मुळात गणिताचे प्राध्यापक होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत असताना १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या कामाला ते इतके कंटाळले, की परत शिकवायला जाऊ द्या म्हणून मागणं घेऊन गेले होते. पुढे लंडनला ग्रंथालयशास्त्र शिकले आणि मग ग्रंथालयाचेच झाले.

मीही पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत गणितच शिकवत होते. मुक्त विद्यापीठातून बी. लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करून आता दुसऱ्या शाळेत ग्रंथपाल आहे. ओळखीची माणसं अजून विचारतात, "शाळेत काही बिनसलं का?" काही बिनसलं नव्हतं. दहावीची, आकडेमोड पक्की असलेली मुलं शाब्दिक उदाहरणांपाशी अडायची. समीकरण सोडवायची, पण मांडता यायचं नाही. चार ओळी वाचून त्यात काय दिलंय आणि काय काढायचंय, हेच उमगायचं नाही. त्यावरचा उपाय गणिताच्या तासाला माझ्या हातात नव्हता.

ग्रंथालयात आले तेव्हा पुस्तकं कुलूपबंद कपाटांत होती, आणि सगळ्यांना खाकी कव्हरं. नावच दिसत नसेल तर मूल हात कशाला लावेल? कव्हरं काढली, कपाटं उघडली, पुस्तकांच्या पाठीवर वर्गांक, म्हणजे विषयाचे आकडे, चिकटवले. गणित ५१०, मराठी साहित्य ८९१.४६. पाचवीतली मुलंसुद्धा आता आकडा बघून पुस्तक जागेवर ठेवतात. चार पुस्तकं हरवतील, फाटतील. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा रंगनाथन यांचा पहिलाच नियम आहे.

इथे मला गुण द्यायचे नसतात, याचं मोल मला फार वाटतं. नववीतली एक मुलगी दुसरी-तिसरीची, मोठ्या टायपातली पुस्तकं नेते. वर्गात ती कधीच मोठ्याने वाचत नाही. मी नोंद करते आणि पुढचं, थोडं जाड पुस्तक तिच्या हाताशी ठेवते. मुलांना वाचायला शिकवणं ते हेच, आणि ते शिक्षकाचंच काम आहे.

पण बऱ्याच शाळांत शिक्षक रजेवर गेले की ग्रंथपालाला वर्गावर धाडतात आणि ग्रंथालयाला कुलूप लागतं. परीक्षा जवळ आली की ग्रंथालयाचा तास गणित-विज्ञानाला जातो. (गणितवाल्यांना तो हवासा का वाटतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.) कितीतरी ठिकाणी तर पदच अर्धवेळ. १८४८ पासून पुणे नगर वाचन मंदिर आणि १९११ पासून पुणे मराठी ग्रंथालय असलेल्या शहरात हे चालतं, याचं मला खरोखर दुःख होतं. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात गाइडांसाठी गर्दी करणाऱ्या पालकांनी पुढच्या पालकसभेत एवढं जरूर विचारावं: आमच्या मुलांचा ग्रंथालयाचा तास कोणत्या वारी असतो, तो खरंच होतो का, आणि कपाटं उघडी असतात का?

ज्या शिक्षकांच्या मनात हा बदल घोळतोय त्यांनी जरूर यावं. पदवीनंतर बी. लिब. एका वर्षाचं आहे. महाविद्यालयात जायचं तर एम. लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. पगाराचं आधी नीट विचारून घ्या, माझा कमी झाला. आणि मुलाखतीतच विचारा, की ऑफ तासांना वर्गावर पाठवणार का. उत्तर "अधूनमधून" असं आलं, तर ते किती वेळा हेही तिथेच ठरवून घ्या.

– एक ग्रंथपाल, सहकारनगर, पुणे