घटस्फोटाचा अर्ज आणि तीन आठवड्यांची सुट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातून फोन येतो आणि पहिलेच वाक्य असते, "तीन आठवड्यांसाठी येतोय, तेवढ्यात उरकेल ना?" उरकत नाही. त्यातून परदेशस्थ मराठी माणूस घरी येतो तो मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, आणि नेमकी तेव्हाच न्यायालयांना सुट्टी असते. मात्र तयारी क्रमाने केली तर परस्परसंमतीचा घटस्फोट एका फेरीत, कधी एकही फेरी न मारता होऊ शकतो. घोडे अडते ते कायद्यापाशी कमी, कागदांपाशी जास्त.

आधी अर्ज कुठे करायचा ते ठरवावे. आईवडील पुण्यात, आधार कार्डावर पत्ता पुण्याचा, म्हणून अर्जही पुण्यात, असा सर्रास समज आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम १९ तसे म्हणत नाही. लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो जोडीदार) जिथे राहतो, तिथले न्यायालय लागते. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथेही अर्ज चालतो. ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. सामनेवाला परदेशात असेल तर अर्जदाराच्या राहत्या ठिकाणीही करता येतो. पण अर्जदार स्वतःच न्यू जर्सीत राहत असेल तर माहेरच्या किंवा आईवडिलांच्या पत्त्यावर भिस्त ठेवू नये. संसार सगळा परदेशातच झाला असेल तर हातात उरते लग्नाचे ठिकाण. तेही लग्न लागले ते, नोंदवले ते नव्हे. मंगल कार्यालय नाशिकचे आणि नोंदणी पुणे महापालिकेत, तर अर्ज नाशिकला. म्हणून नोंदणी दाखल्याबरोबर लग्नपत्रिकाही सांभाळून ठेवावी. कार्यालयाचे नाव तिच्यावरच असते. कुटुंब न्यायालय नसलेल्या गावी अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा लागू होतो. गोव्याचे गणित वेगळे आहे, तिथल्या नागरी नोंदणीच्या विवाहांना यातले बरेच काही लागू नाही.

मग मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने इथली कामे करायला दुसऱ्याला दिलेला लेखी अधिकार. ते विशेष, ठरावीक कामापुरते असावे, सरसकट अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र नको. कोणत्या विवाहाबाबत, कोणत्या न्यायालयात, अर्जावर सही, पडताळणी, वकीलपत्र, कागदपत्रे दाखल करणे, प्रमाणित प्रती घेणे, हे सगळे एकेक करून लिहावे. दोघांचा मुखत्यार एकच नसावा, आणि वकिलालाच मुखत्यार करू नये. सर्वांत जास्त अडते ते नावापाशी: दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आणि मुखत्यारपत्रात तिसरेच काहीतरी. दोन्ही नावे "ऊर्फ" घालून पासपोर्टबरहुकूम लिहावीत. वेगळे राहू लागल्याची तारीख मुखत्यारपत्रात, अर्जात आणि शपथपत्रात एकच असावी.

सही एकतर भारतीय वकिलातीत समक्ष करावी, नाहीतर स्थानिक नोटरीपुढे करून वर त्या देशाचे अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणन) घ्यावे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, कॅनडा २०२४ च्या जानेवारीत आला. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही, आणि जर्मनीने भारताच्या सहभागाला आक्षेप घेतलेला आहे. दुबई किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्यांनी सरळ वकिलात गाठावी. मूळ कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. कुरिअरचे पाकीट फेकू नये, कागद कधी आला याचा पुरावा तेच. स्कॅन केलेली प्रत फक्त मसुदा तपासायला उपयोगी.

मुखत्यार अर्ज दाखल करू शकतो, पण संमती ज्याची त्यानेच सांगायची असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मुखत्यारामार्फत आलेला संमतीचा अर्ज स्वीकारण्यास आणि समुपदेशन व्हिडिओवर घेण्यास मोकळीक दिली. तरीही तारखेच्या आधी रीतसर अर्ज करून परवानगी आणि व्हिडिओची लिंक मिळवावी लागते. ऐनवेळी फोन उचलून कॅमेरा लावता येत नाही. पुण्याचे सकाळचे ११ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे रात्रीचे दीड आणि सॅन फ्रान्सिस्कोचे आदल्या रात्रीचे साडेदहा. पुकारा होईस्तोवर जागे राहायचे, खोलीत दुसरे कोणी नको, आणि मूळ पासपोर्ट हाताशी हवा, कारण पहिला प्रश्न ओळखीचाच येतो.

वेळेचा हिशेब असा. लग्नाला वर्ष होण्याआधी सहसा अर्ज करता येत नाही. संमतीच्या अर्जासाठी किमान १ वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. पहिल्या अर्जानंतर ६ महिने थांबून, १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा संमती द्यायची. हे ६ महिने माफ होऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पण पहिल्या अर्जाआधीच साधारण दीड वर्ष वेगळे राहणे, समेटाचे प्रयत्न संपलेले असणे आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सगळे मिटलेले असणे या अटींवर. माफीचा अर्ज पहिल्या अर्जानंतर आठवड्याने करता येतो. माफी हक्काची नव्हे, न्यायाधीशांना पटली तर मिळते. परतीचे तिकीट तिच्या भरवशावर काढू नये.

कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, घाई नडते. पोटगी रुपयांत की डॉलरमध्ये, डॉलरमध्ये असेल तर कोणत्या दिवसाच्या दराने आणि कोणत्या खात्यात, लॉकरमधले स्त्रीधन कोण कधी ताब्यात देणार, सामाईक फ्लॅटचे हप्ते कोण भरणार, हे लिहिलेच पाहिजे. छळाचा फौजदारी गुन्हा दाखल असेल तर तो घटस्फोटाने आपोआप मिटत नाही. रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात वेगळा अर्ज लागतो.

एकाची संमती नसेल तर सगळेच लांबते. अमेरिका, ब्रिटनमध्ये समन्स बजावायचे तर परदेशात समन्स पोहोचवण्याबाबतच्या हेग करारानुसार ते केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फत जाते, नुसती नोंदणीकृत टपालाची पावती पुरत नाही. यात महिनोन्‌महिने जातात. मुखत्याराला तुमच्या संसाराबद्दल तुमच्या वतीने साक्षही देता येत नाही. ती स्वतःच द्यावी लागते. व्हिडिओवर देत असाल तर परदेशातल्या टोकाला समन्वयक म्हणून भारतीय वकिलातीतला अधिकारी लागतो.

एवढे सोसण्यापेक्षा तिकडेच घटस्फोट घेतला तर? दोघांची संमती असेल तर तो निवाडा इथेही टिकतो. पण "संसार मोडला आहे" एवढ्याच कारणावर, दुसऱ्याच्या गैरहजेरीत मिळालेला अमेरिकी निवाडा १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार इथे चालत नाही. तिकडे सुटलात तरी इथे विवाहितच राहता, आणि दुसरे लग्न केल्यास ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा होतो. उलट बाजूने, तिकडचे समन्स आले तर ते खणात टाकून देणेही महागात पडते: तिथली मालमत्ता आणि मुले यांबाबतचे आदेश तिथे लागू होतातच. हजर होऊन आधी अधिकारक्षेत्राला हरकत घ्यावी. थेट गुणदोषांवर भांडू लागलात की ते न्यायालय मान्य केल्यासारखे होते.

हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, मिळाल्यावर ४-५ प्रमाणित प्रती एकदम घ्याव्यात आणि परदेशात वापरायच्या प्रतीवर राज्य सरकारचे साक्षांकन व परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल करून घ्यावे. निकाल मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतरही लागेल. वादातून झालेल्या घटस्फोटात अपिलाचे ९० दिवस सरल्याशिवाय पुन्हा लग्न करू नये. जोडीदारामुळे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळालेले असेल तर ते रद्द होऊ शकते. जोडीदाराच्या व्हिसावर राहणाऱ्यांनी हुकूमनाम्याच्या तारखेआधीच पुढची सोय पाहावी.

यातला निम्मा गोंधळ एका पानाने थांबेल. मुखत्यारपत्राचा नमुना, व्हिडिओ समुपदेशनाची वेळ मागण्याची रीत आणि लागणाऱ्या कागदांची यादी प्रत्येक कुटुंब न्यायालयाने मराठीत छापून दारात आणि संकेतस्थळावर लावावी. आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत, वर्षभरातल्या न्यायालयीन सुट्ट्यांच्या तारखा.

आपले,
कुटुंब न्यायालयात काम करणारे काही वकील, पुणे