फिरतीच्या गाडीत सायकल, आणि साईडपट्टीचा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दापोली, गुहागर, रत्नागिरी या पट्ट्यात औषधे, खते, पंप नाहीतर काजूप्रक्रियेची यंत्रे विकायला फिरतीवर येणाऱ्यांपैकी काही जण गाडीत सायकल टाकून आणतात. ही पद्धत वाढायला हवी. इथली बहुतेक दुकाने साडेनऊ-दहाच्या सुमारास उघडतात आणि दुपारी पुन्हा फळ्या लागतात. सकाळी सहा ते नऊ हा वेळ कुठल्याच गिऱ्हाइकाचा नसतो. एवढ्यात गुहागरहून वेळणेश्वर-हेदवीच्या बाजूला जाऊन परत येता येते, किंवा गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरी गाठता येते.

सायकल छपरावर बांधू नये; गावातल्या रस्त्यांवर आंब्या-फणसाच्या फांद्या फार खाली आलेल्या असतात. डिकीमागच्या कॅरियरवर लावली तर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकतात. मागची सीट पाडून, पुढचे चाक काढून, गिअरची बाजू वर ठेवून आडवी घालावी. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडांच्या मध्ये जाड पुठ्ठा अडकवायला विसरू नये. प्रवासात लिव्हर दाबला गेला की पॅड जवळ येऊन बसतात आणि चाक परत आत जात नाही.

कोकणातला चढ लांब नसतो, पण उभा असतो. सडा म्हणजे कातळाचे पठार, मग खाडीपर्यंत उतार, पूल किंवा फेरीबोट, की लगेच पुन्हा सडा. अशा रस्त्यावर पुढच्या चकतीला ३४ आणि मागच्या चकतीला २८ दात असलेला सर्वांत हलका गिअर अपुरा पडतो. मिनिटाला ६० पायडल मारायचे तर ताशी साडेनऊ किलोमीटरचा वेग लागतो आणि दहा टक्के चढावर तो भल्याभल्यांना टिकवता येत नाही. मागे ३४ दात असतील तर तेच पायडल पावणेआठच्या वेगाला चालते. टायर ३५ मिलिमीटरचा असावा. ७० किलो वजनाच्या माणसाला पुढे ४५, मागे ५० पीएसआय हवा पुरते.

पंक्चरची खरी अडचण ट्यूबची आहे. गावातल्या दुकानात साध्या २८ इंची सायकलची ट्यूब मिळते, तिचा व्हॉल्व्ह जाड. गिअरच्या सायकलीच्या बारीक, म्हणजे प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पाडलेले रिमचे भोक साडेसहा मिलिमीटरचे, त्यात तो शिरत नाही. म्हणून आपल्या मापाच्या दोन ट्यूब, पंप आणि जाड व्हॉल्व्हच्या पंपाने प्रेस्टात हवा भरता यावी म्हणून पितळी अॅडॅप्टर जवळ हवाच. खाऱ्या हवेत साखळी लवकर गंजते. रोज कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब द्यावेत. पावसात जांभ्याची लाल माती रिम आणि ब्रेकपॅड घासून खाते, तेव्हा मुक्कामी पोचल्यावर बादलीभर पाणी आधी सायकलला. फेरीबोटीच्या रॅम्पवर ओहोटीला शेवाळ उघडे पडते. तिथे उतरून चालावे.

हे सारे सायकलवाल्याच्या हातातले. साईडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची पट्टी, त्याच्या हातात नाही. डांबराचा नवा थर टाकला की रस्ता तीन-चार इंच उंच होतो आणि कडेला मुरूम भरायचे तसेच राहते. मागून एसटी आली की सायकलवाला खाली उतरतो. परत वर चढताना चाक त्या कडेला तिरके घासत राहते, वर चढत नाही, आणि माणूस रस्त्याच्या बाजूला, म्हणजे वाहनांपुढे पडतो. दुचाकीवरून शाळेत मूल सोडणाऱ्या बाईलाही हाच धोका आहे. डांबरीकरणाबरोबरच मुरूम डांबराच्या पातळीपर्यंत भरून, रोलर फिरवून, पावसाळ्याआधी दाबला गेला पाहिजे. त्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये.

दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, वेश्वी-बागमांडला या फेरीबोटींच्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर नव्हे, मुख्य रस्त्याच्या फाट्यावर लिहावी. दाभोळची फेरी चुकली तर चिपळूणचा वळसा पडतो. सायकलवर तो दिवसभराचा प्रवास आहे.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवरचे पूल होऊ घातले आहेत. दुपदरी राष्ट्रीय महामार्गाच्या मानकात सात मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की साईडपट्टी धरलेली असते. सागरी महामार्गावर, विशेषतः पुलांवर, तेवढी जागा आराखड्यातच ठेवावी. पुलाला कठडे बसले की मग रुंदी वाढत नाही.

कळावे,
गुहागर-दापोली परिसरातील सायकलस्वार