पार्सल टाकायच्या आधी हे वाचा की

निपाणी, खानापूरकडं टाकीत पाळायचे जिवंत मासे पार्सलनं पाठवणाऱ्यांना परत एकदा सांगालोय, पॅक करायच्या आधी 24 तास तरी खायला घालू नका, पोट भरलेलं असलं की पिशवीतच घाण करतात आणि अमोनिया वाढतो. पिशवी डबल, पाणी एक भाग नि ऑक्सिजन दोन भाग, वर थर्माकोलचा बॉक्स. फायटर (भांडखोर मासा) एका पिशवीत एकच, हे पण सांगायला लागतंय! शुक्रवारी पार्सल टाकू नका, रविवारी गोडाऊनात पडून राहतंय, माझे सहा गप्पी मासे तसेच मेले. घेणाऱ्यांनी पिशवी बंदच ठेवून 15-20 मिनिटं टाकीत तरंगवा, उघडल्यावर मात्र वेळ घालवू नका, कार्बन डायऑक्साइड उडून पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) चढतो नि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मासे जाळीनं काढून घ्या, पिशवीतलं पाणी टाकीत नको.