अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलना खुलं पत्र: विमान सुटल्यावर पुढे काय?

माननीय ॲटर्नी जनरल,
न्याय खातं, वॉशिंग्टन

सादर नमस्कार.

मी स्थलांतरित आहे. काही वर्षांपूर्वी शपथ घेऊन या देशाचा नागरिक झालो. नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरताना त्यात प्रश्नांचा एक गठ्ठा येतो. वंशसंहारात कधी सहभागी झालात का? कुणाचा छळ केलात का? कुणाला ठार मारलंत किंवा तसा प्रयत्न केलात का? कुणाला त्याचा धर्म पाळण्यापासून रोखलंत का? तुरुंगावर, छावणीवर, पोलिसांत, निमलष्करी तुकडीत कधी काम केलंत का? मी भराभर 'नाही'वर खुणा करत गेलो आणि कर भरल्याचे जुने कागद शोधायला उठलो. त्या चौकटींचा विचार मी फार उशिरा केला. त्या कुणासाठी छापल्या आहेत, आणि तिथे खोटी खूण करून आत आलेला माणूस सापडल्यावर त्याचं नेमकं काय होतं, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अटलांटातल्या एका हॉटेलची हकीकत आपल्या खात्याच्या दप्तरात आहेच. तरी ती इथे सांगतो.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस इथिओपियात दर्ग या लष्करी राजवटीची 'लाल दहशत', म्हणजे विरोधकांना चिरडण्याची मोहीम, चालू होती. राजधानी अदिस अबाबातल्या एका विभागाचा कारभार केलबेसा नेगेवो या अधिकाऱ्याच्या हातात होता. त्याच्या ताब्यातल्या तरुण मुलींना विवस्त्र करून, हातपाय एकत्र बांधून, खांबाला टांगून मारलं जाई. काही वेळा तो स्वतः तिथे हजर असे. त्यांतली एक जगली, देशाबाहेर पडली, अमेरिकेत आली आणि अटलांटात एका हॉटेलात वेट्रेस म्हणून काम करू लागली. १९९०च्या सुमारास त्याच हॉटेलात तिला तो दिसला. बेलबॉय म्हणून पाहुण्यांच्या बॅगा उचलत होता.

तिने नोकरी सोडून दुसरं गाव गाठलं असतं तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. तिने ते केलं नाही. त्याच माणसाने छळलेल्या आणखी दोघी तिला सापडल्या, एक लॉस एंजेलिसमध्ये आणि दुसरी कॅनडात. तिघींनी मिळून फेडरल कोर्टात दिवाणी दावा लावला, साक्षी दिल्या. १९९३ साली निकाल लागला: छळ झाला, जबाबदार नेगेवो, तिघींना प्रत्येकी पाच लाख डॉलर भरपाई.

आणि १९९५ साली याच देशाने त्याला नागरिकत्व दिलं.

एका फेडरल न्यायाधीशाने ज्याला छळ करणारा ठरवलं, त्याला दोन वर्षांनी त्याच सरकारच्या दुसऱ्या कचेरीने नागरिक करून घेतलं. निकाल त्या टेबलापर्यंत पोहोचला नसेल, किंवा पोहोचूनही कुणी वाचला नसेल. त्या तिघींना ही बातमी कळली असेल तेव्हा त्यांच्या मनाचं काय झालं असेल, याचा अंदाज मला करवत नाही.

दोष नुसत्या निष्काळजीपणाचा नव्हता, कायद्यातच भोक होतं. न्यूयॉर्कच्या काँग्रेस सदस्य एलिझाबेथ होल्ट्झमन यांच्या पाठपुराव्यामुळे १९७८ साली नाझी अत्याचारांत सामील असलेल्यांना प्रवेश नाकारण्याची आणि हद्दपार करण्याची तरतूद झाली. त्यात तारखा बांधलेल्या होत्या: २३ मार्च १९३३ ते ८ मे १९४५. पुढच्याच वर्षी आपल्या खात्यात त्यासाठी स्वतंत्र तपास कचेरी उभी राहिली. इतिहासकार आणि वकील शेजारी बसून छावण्यांच्या हजेरीपत्रकांवरची नावं स्थलांतरितांच्या यादीशी जुळवत. त्या कामातून शंभराहून अधिक जणांविरुद्धचे खटले सरकारने जिंकले. त्या चिकाटीपुढे मी मान तुकवतो. पण १९४५ नंतरच्या जगात ज्यांनी छळछावण्या चालवल्या, त्यांचं काय? पुढे प्रवेश नाकारण्याच्या कारणांच्या यादीत वंशसंहार आला, मात्र 'छळ' हा शब्द नव्हता. व्हरमाँटचे सिनेटर पॅट्रिक लेही १९९९पासून तो घालण्यासाठी विधेयक मांडत राहिले. अखेर डिसेंबर २००४च्या गुप्तवार्ता सुधारणा कायद्यात ते कलम आलं. परदेशात सत्तेच्या बळावर छळ किंवा न्यायबाह्य हत्या करणारा इथे येऊ शकत नाही, आणि आला असेल तर राहू शकत नाही. जानेवारी २००५ मध्ये या कलमाखाली पहिली अटक झाली ती नेगेवोचीच. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याला इथिओपियात पाठवलं. तिथे त्याच्या गैरहजेरीत २००२ सालीच जन्मठेप झाली होती. उतरला तो थेट तुरुंगात गेला.

ओळख पटल्यापासून रवानगीपर्यंत सोळा वर्षं लागली. तरीही या प्रकरणाचा शेवट चांगलाच म्हणायला हवा, कारण विमानाच्या पलीकडच्या टोकाला शिक्षा त्याची वाट पाहत होती. नेहमी तसं नसतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं.

एल साल्वादोरचे दोन माजी संरक्षणमंत्री घ्या, होसे गियेर्मो गार्सिया आणि कार्लोस युहेनियो विदेस कासानोवा. यांच्या काळात सैन्याने माणसं गायब केली, गावं मारली. १९८० साली चार अमेरिकन धर्मसेविकांचा बलात्कार करून खून झाला. दोघांना अमेरिकेने 'लीजन ऑफ मेरिट' हे लष्करी पदक देऊन गौरवलं, आणि दोघेही निवृत्त होऊन फ्लोरिडात स्थायिक झाले. २००२ साली फ्लोरिडातल्या ज्युरीने छळाला जबाबदार धरून त्यांच्यावर ५ कोटी ४६ लाख डॉलरची भरपाई बसवली. फिर्यादींमध्ये एक डॉक्टर होता. त्याच्या हातांची अशी दुर्दशा केली होती की तो पुन्हा कधी शस्त्रक्रिया करू शकला नाही. २००४च्या कायद्याच्या आधारे विदेस कासानोवाला एप्रिल २०१५ मध्ये आणि गार्सियाला जानेवारी २०१६ मध्ये हद्दपार करण्यात आलं.

पण त्या वेळी एल साल्वादोरमध्ये १९९३चा माफीचा कायदा जिवंत होता. म्हणजे विमानातून उतरलेल्या माणसाला तिथलं कुठलंही कोर्ट हात लावू शकत नव्हतं. तो कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये रद्द केला. गार्सियाला अटक झाली २०२२ साली, आणि १९८२ मध्ये चार डच पत्रकारांच्या हत्येबद्दल तो दोषी ठरला जून २०२५ मध्ये. तोवर तो नव्वदी ओलांडून गेला होता. न्याय झाला, पण तो साल्वादोरच्या लोकांनी ओढून आणला. आमच्या हद्दपारीने तो हमखास होणार होता, असं कुणी म्हणू नये.

याकिव पालिय हे उलट टोकाचं उदाहरण. नाझींच्या त्राव्निकी छावणीतला हा पहारेकरी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहायचा. २००३ साली नागरिकत्व गेलं, २००४ साली हद्दपारीचा हुकूम निघाला, पण घ्यायला कुठलाच देश तयार होईना. चौदा वर्षं तो त्याच घरात राहिला आणि बाहेर रस्त्यावर लोक निदर्शनं करत राहिले. ऑगस्ट २०१८ मध्ये जर्मनीने त्याला घेतलं. जानेवारी २०१९ मध्ये तो तिथे वारला. खटला झालाच नाही.

म्हणून माझी आपल्याला पहिली आणि सगळ्यांत कळकळीची विनंती. अशा माणसाची फाइल टेबलावर आली की 'याला किती लवकर बाहेर काढता येईल' हा प्रश्न दुसरा असू द्या. 'याच्यावर खटला कुठे चालू शकतो' हा पहिला. जिथे इथेच चालू शकतो, तिथे इथेच चालवा. आपल्या खात्याने हे करून दाखवलं आहे. गाम्बियाच्या हुकूमशहाच्या 'जंगलर्स' या मारेकरी तुकडीतला मायकेल कोरेया कोलोराडोत सापडला, तेव्हा व्हिसाची मुदत संपल्याचं कारण देऊन त्याला परत पाठवणं सोपं होतं. तसं न करता १९९४च्या छळविरोधी कायद्याखाली डेन्व्हरमध्ये खटला चालला. ज्यांना त्याने छळलं होतं ते गाम्बियाहून आले आणि त्याच्याकडे बघत बोलले. २०२५ साली त्याला साडेसदुसष्ट वर्षांची शिक्षा झाली. आणि जिथे इथे चालू शकत नाही, तिथे चालवणाऱ्या देशाच्या हाती द्या. एल साल्वादोरच्या कर्नल इनोसेन्ते मोंतानोला २०१७ मध्ये स्पेनकडे सोपवलं, म्हणून १९८९ मधल्या जेझुइट पाद्र्यांच्या हत्येबद्दल २०२० मध्ये माद्रिदला त्याला शिक्षा होऊ शकली.

छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सातव्या कलमाचाही अर्थ हाच आहे: सोपवा, नाहीतर खटल्यासाठी आपल्याच यंत्रणेकडे द्या. त्याच कराराचं तिसरं कलम सांगतं की जिथे छळ होण्याचा धोका आहे तिथे कुणालाही पाठवायचं नाही. छळ करणाऱ्यालाही नाही. ऐकायला हे कडू वाटतं, मलाही वाटलं. पण मग अशा माणसासाठी इथलं न्यायालय हीच एक जागा उरते, आणि तिथे आपले हात अजून अर्धे बांधलेले आहेत. अमेरिकेत मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा कायदाच नाही. विधेयकं आली आणि विरली. त्यामुळे फिलाडेल्फियात लायबेरियाच्या यादवी युद्धातल्या मोहम्मद जबातेह या कमांडरवर खटला भरला तो आश्रयाच्या अर्जात आणि मुलाखतीत खोटं बोलल्याचा. साक्षीदार खुनांबद्दल, बलात्कारांबद्दल सांगत होते आणि आरोपपत्रात खोटेपणा होता. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली, ती योग्यच झाली. पण ज्या बाईच्या डोळ्यांदेखत तिचा नवरा मारला गेला, तिच्यासाठी गुन्ह्याचं नाव 'खोटी माहिती' असू नये. नवा कायदा मागच्या गुन्ह्यांना लावता येणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो आज हवा. उद्याचे आरोपी आत्ता कुठल्यातरी तुरुंगात कामावर आहेत.

आता थोडं अवघड बोलतो. प्रत्येक पहारेकरी नेगेवो नसतो. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर नेगुसी या माणसाचं प्रकरण आलं. इथिओपियाविरुद्ध लढायला नकार दिला म्हणून इरिट्रियाने त्याला तुरुंगात टाकलं, आणि पुढे त्याच तुरुंगावर पहारेकरी म्हणून उभं केलं. तो मालवाहू कंटेनरात लपून इथे आला. जबरदस्तीने केलेलं काम आश्रय नाकारायला पुरेसं आहे का, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही, पुन्हा विचारासाठी परत पाठवला. काँग्रेसनेही स्पष्ट शब्दांत उत्तर दिलेलं नाही. जो स्वतः कोठडीतून उचलला गेला आणि जो कोठडीच्या चाव्या वाटत होता, त्या दोघांना कायद्याने एकाच मापाने मोजू नये. हा फरक करणं म्हणजे ढिलाई नव्हे. असा फरक करणाऱ्या यंत्रणेच्या शब्दाला कोर्टातही वजन येतं.

आणि एक भीती आहे, ती लपवत नाही. जून २०२५ मध्ये आपल्या खात्याच्या दिवाणी विभागाने नागरिकत्व रद्द करण्याच्या कामाला अग्रक्रम दिला. त्या यादीत छळ करणारे आणि युद्धगुन्हेगार आहेत. तिथे माझी तक्रार नाही. पण शेवटी खातं महत्त्वाचं मानेल असं कुठलंही प्रकरण, एवढं मोठं दारही उघडं ठेवलं आहे. नेगेवोसाठी घडवलेलं हत्यार अर्जातल्या किरकोळ चुकीवर चालवलं, तर ज्यांच्या साक्षीवर हे खटले उभे राहतात तेच लोक आपल्याशी बोलायचे बंद होतील. त्यांतले बहुतेक आश्रित आहेत. छळणाऱ्याला ओळखणारा माणूस त्याने छळलेलाच असतो, आणि तोही त्याच रांगेतून, तोच अर्ज भरून आलेला असतो. सरकारी कचेरीत पाऊल टाकायला तो घाबरला, तर हॉटेलात बॅगा उचलणारा माणूस कोण आहे हे आपल्याला कोण सांगणार?

फिर्यादींना तारखा कळवा, निकाल कळवा, विमान कधी सुटलं तेही कळवा. दिवाणी कोर्टात छळाचा निकाल लागला तर तो त्याच आठवड्यात स्थलांतर खात्याच्या फाइलला लागेल, एवढी व्यवस्था करा. १९९५ पुन्हा होता कामा नये.

शेवटी एक फाइल. डच पत्रकारांच्या खुनात गार्सियाबरोबर जून २०२५ मध्ये दोषी ठरलेला आणखी एक माणूस, कर्नल मारियो रेयेस मेना, अनेक वर्षं व्हर्जिनियात राहत आला आहे. त्याच्या प्रत्यार्पणाची प्रक्रिया एल साल्वादोरच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्येच सुरू करायला सांगितली. आपल्या कचेरीपासून व्हर्जिनिया म्हणजे नदीपलीकडे. हे प्रकरण कुठवर आलं आहे, ते कृपया जाहीरपणे सांगा.

आपला,
शपथ घेऊन नागरिक झालेला एक स्थलांतरित